टिंगलीआधीचा गुलाब

माझे वडील ज्याची टिंगल करायचे, त्याला आधी गुलाबाचं फूल द्यायचे. कार्यक्रमाच्या दोन तास आधी, चार लोकांदेखत, अगदी हातात. म्हणायचे, "आज स्टेजवर तुमच्यावर जरा बोलणार हाय. चालंल का?" समोरच्यानं फूल घेऊन खिशाला लावलं किंवा टोपीत खोचलं की होकार. नाही घेतलं की नकार. आणि एकदा नकार आला की त्या माणसाला ते पुन्हा विचारत नसत, त्याच्यावर जन्मात एक वाक्य बोलत नसत. नंतर तो हातापाया पडला तरी नाही.

या नियमाचा सगळ्यात मोठा फटका मला बसला. दोष नियमाचा नव्हता, माझा होता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करणार नाही.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमची तीन एकर जमीन. एका एकरात गुलाब, झेंडू, शेवंती. उरलेल्यात फ्लॉवर, कोबी, वांगी, त्या वर्षी जे सुचेल ते. सकाळी नाना सायकलला फुलांच्या पाट्या बांधून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जायचे, आणि संध्याकाळी काळा कोट घालून कुठल्यातरी गावच्या स्टेजवर उभे राहायचे. ऑर्केस्ट्रा, गणपती, जत्रा, शाळांची गॅदरिंग, पतसंस्थांचे वर्धापनदिन, सगळीकडे. पत्रिकेवर लोक हौसेनं 'हास्यसम्राट' छापायचे. नानांना तो शब्द अजिबात आवडत नसे. "सम्राट झेंडू तोडतो का कधी?" म्हणायचे. स्वतःला ते 'पडद्यापुढचा' म्हणवून घ्यायचे.

हा शब्द त्यांना देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याकडून मिळाला होता. नाना विशीत असताना त्या आचाऱ्यांच्या खाणावळीत भाजी पोचवायला जात. आचाऱ्यांनी इंग्रजांच्या काळात फौजेच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या होत्या, आणि त्या काळातली एकच गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटे. पलटणीच्या करमणुकीला विलायतेहून एक विनोदी नट आला होता. त्याचे तीन खेळ आचाऱ्यांनी तंबूच्या कडेला उभं राहून पाहिले. छोटी टोपी, ढगळ पँट, कोटाला फूल. भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी गोऱ्या सोल्जरांबरोबर आपणही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, असं ते शपथेवर सांगत.

तो साहेब मेसमध्ये चहाला आला तेव्हा बटलरनं त्याची सगळी कहाणी काढून घेतली आणि आचाऱ्यांना हिंदीत सांगितली. त्याची अख्खी हयात विलायतेतल्या थेटरांत गेली होती. दर आठवड्याला आगगाडीनं नवं गाव, दिवसातून दोन खेळ. कधी कसरतवाल्यांच्या मागून, कधी कुत्र्यांच्या खेळाच्या आधी. मागं पडद्याआड सामान हलवतात, ठोकाठोक चालते, आणि तेवढा वेळ हा एकटा पडद्यापुढं उभा राहून लोकांना धरून ठेवतो. घरी बायको वाट बघते, पोरं त्याला ओळखत नाहीत, आणि हा शनिवारी पेटी बांधून पुढच्या गावाला. "पडदे के आगे का आदमी" असं बटलर म्हणाला होता. त्या साहेबाचं नाव मात्र आचाऱ्यांना कधीच सांगता आलं नाही. त्याची चाल तेवढी ते करून दाखवत, खाणावळीत टेबलांच्या मधून, हातात उलथनं घेऊन.

ती चाल नानांनी उचलली. टाचा आत, पंजे बाहेर, आणि तीन पावलं टाकली की आपण इथं कशाला आलो होतो ते विसरल्यासारखं थांबायचं. एका इंग्रजाची चाल एका आचाऱ्यामार्फत कळवणच्या जत्रेत पोचली आणि लोक म्हणाले, अरे, हा तर आपला तलाठीच चाललाय. मी पुढं इंग्रजीची प्राध्यापिका झाले, वर्गात थोरामोठ्यांच्या नाटकांवर तासन्‌तास बोलले. पण दोन देशांमधला एवढा सरळ व्यवहार मी पुस्तकांत फारसा पाहिला नाही.

कोटाचं फूलही नानांनी त्या साहेबाचंच उचललं. साहेबाचं फूल शोभेचं होतं. नानांच्या फुलाला काम कसं लागलं, त्यालाही एक कारण घडलं.

सुरुवातीच्या दिवसांत दिंडोरीकडच्या एका गावात त्यांनी तिथल्या मास्तरांच्या लंगडण्याची नक्कल केली. मैदान हसून लोळलं. मास्तरही हसले. दुसऱ्या दिवशी नाना गंगेवर फुलं विकायला बसले होते, तेव्हा त्या गावचा एक भाजीवाला म्हणाला, "आज शाळेला सुट्टी हाय. मास्तर घराबाहेरच आले नाहीत." नानांनी पाटी तिथंच शेजारणीच्या हवाली केली, दहा-बारा गुलाब फडक्यात बांधले आणि सायकल हाणत थेट मास्तरांचं दार गाठलं. मास्तरांनी आत बोलावलं, पाणी दिलं, फुलांचा वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "फुलं छान आहेत. एक दिवस उशिरा आणलीत."

नाना हे सांगताना आजही खाली बघतात. त्या दिवसापासून फूल आधी. ज्यांच्यावर बोलायचं, त्यांच्यावर बोलण्याआधी. माणसाला खात्री नसेल तर त्यानं नमुना मागावा, हाही नियम. नमुना म्हणजे जे बोलणार त्यातली दोन वाक्यं नाना त्याला तिथंच, पारावर किंवा चहाच्या टपरीवर, हळूच म्हणून दाखवायचे. त्यावर माणूस ठरवायचा. बहुतेक लोक नमुना ऐकून हसायचेच, आणि वर म्हणायचे, "हे घाला, आणि माझ्या मेव्हण्याचंही घाला." मग मेव्हण्याला वेगळं फूल.

आमच्या भागात पुढं पुढं असं झालं की ज्याला फूल मिळालं नाही, त्याला चुकल्यासारखं वाटू लागलं. सायखेड्याकडच्या एका गावात एका किराणा दुकानदारानं फूल नाकारलं. "आपल्याला असलं काय नको," म्हणाला, आणि वजन करत राहिला. कार्यक्रमात नानांनी सरपंचाला धुतलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला धुतलं, न्हाव्याला तर दोनदा धुतलं. सगळं गाव एकमेकांकडं बोटं दाखवून हसत होतं, आणि दुकानदार तिसऱ्या रांगेत कोरडाच. मध्यंतर झालं, तर हे गृहस्थ पडद्यामागं हजर. हातात गुलाब! देवळापुढच्या फुलवालीकडून स्वतः विकत आणलेला. "घ्या, आणि बोला माझ्यावर," म्हणाला.

नानांनी हात जोडले. "शेठ, तुमी एकदा नाय म्हणला. आता नाय."

"अहो, मीच सांगतोय ना!"

"तुमच्या नाय म्हणण्याला किंमत राहिली पायजे ना, शेठ. मी दुसऱ्यांदा इचारलं, तर तिसऱ्या गावात लोक म्हणतील, हा इचारतो ते नुसतं दाखवायला."

दुकानदार रुसून घरी गेला. आई हे ऐकून नानांवर चिडली होती. बिचाऱ्याला एक वाक्य दिलं असतं तर काय बिघडत होतं, असं तिचं म्हणणं. तेव्हा मी सातवीत होते, आणि मला नाना ताठर वाटले. मला त्या वयात ते बरंच काही वाटत.

खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. शहरातल्या शाळेत मी 'नकल्याची पोर' होते. मधल्या सुट्टीत कोणीतरी टाचा आत आणि पंजे बाहेर करून माझ्यापुढून चालत जायचं. घरी येऊन मी धुसफुसले की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हसतील त्यांचे दात दिसतील. तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. इंग्रजी मला आवडायचं, आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसावर कोणी हसत नाही, अशी माझी त्या वयातली पक्की समजूत होती.

आठवीत वक्तृत्व स्पर्धेचं खूळ शिरलं. घरात मोठ्यानं इंग्रजी बोलायची सोय नव्हती. आई म्हणायची, देवाचं कर त्यापेक्षा. म्हणून शाळेतून आले की मी फ्लॉवरच्या वाफ्यापुढं उभी राहायची आणि पाठ केलेलं भाषण हातवारे करत म्हणायची. फ्लॉवरचे गड्डे रांगेत बसलेले असायचे, पानं कानांसारखी पसरून. गाढवापुढं वाचली गीता, पण मला ते श्रोते पसंत होते. भाषण संपलं की कधीकधी बांधापलीकडून टाळीचा आवाज यायचा. शेजारच्या द्राक्षबागेत मणी भरायला लागले की पाखरं हाकलायला माणसं टाळ्या वाजवत, डबे बडवत फिरतात. तेच असणार. मी मागं वळून बघायची, कोणी दिसायचं नाही, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांनी नानांना बोलावलं. त्याच कार्यक्रमात माझं इंग्रजी भाषण होतं. नानांना बोलावलंय हे मला समजलं ते त्यांच्या हातातलं फूल बघून. मी ओट्यावर गणितं करत बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले, कोट नव्हता, अंगात शेतातलाच सदरा होता, आणि हातात एक लाल गुलाब. मोठ्या माणसांना विचारायचे तसंच, त्याच आवाजात त्यांनी मला विचारलं.

"बाई, गॅदरिंगला तुझ्यावर एक बोलायचंय. चालंल का?"

माझ्या डोळ्यांपुढं सगळा वर्ग आला. टाचा आत, पंजे बाहेर. मी वहीतून मान वर न काढता म्हणाले, "नाही. आणि तुम्ही येऊच नका तिथं."

नमुना मागायचा हक्क मलाही होता. गावोगावच्या सरपंचांनी मागितला, न्हाव्यांनी मागितला. मी नाही मागितला. एवढं एक मी केलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

नाना "बरं" म्हणाले आणि फूल देवापुढं ठेवून गोठ्याकडं गेले.

त्यांनी हेडमास्तरांना निरोप धाडला की त्या दिवशी कळवणला कार्यक्रमाची तारीख आहे, जमणार नाही. गॅदरिंगला पहिला नाच झाला, दुसरा नाच झाला, नाटुकलं झालं, आणि नंतर पडद्याची दोरी अडकली. पडदा ना वर जाईना ना खाली येईना. मागं पोरी अर्ध्या नऊवारीत, अर्ध्या शाळेच्या कपड्यांत उभ्या. पीटीचे सर शिडी आणायला धावले. आठशे पोरं आणि त्यांचे पालक, आणि पुढं कोणीच नाही. पहिली दोन मिनिटं शांतता, मग शिट्ट्या, मग कागदाचे बाण. हेडमास्तर माईकवर येऊन "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिले आणि दर वेळेस पोरं जास्त ओरडत राहिली. मी विंगेत माझं भाषण हातात घेऊन उभी होते. पडद्यापुढच्या त्या चार हात रिकाम्या जागेकडं बघत होते. तिथं कोण उभं असायला हवं होतं आणि का नव्हतं, हे त्या सगळ्या शाळेत फक्त मला माहीत होतं.

दोरी सुटली, माझं नाव पुकारलं. मी बोलले. एकाही माणसानं ऐकलं नाही. फ्लॉवर बरे होते.

घरी नानांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. गॅदरिंगचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

बऱ्याच वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, आईनं मेथी निवडता निवडता मला एक गोष्ट सांगितली. कळवणला तारीखबिरीख काही नव्हती. पण हेडमास्तरांना तसं सांगून बसले, आणि आता ते खोटं ठरायला नको म्हणून नाना त्या दिवशी कोट घालून एसटीनं खरोखर कळवणला गेले. स्टँडवर दोन तास बसले, एक चहा प्याले आणि पुढच्या गाडीनं परत आले. "येडं माणूस," आई म्हणाली. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

मी नकार दिल्यानंतर नानांनी आपला नियम माझ्या बाबतीत दुकानदाराइतकाच कडक पाळला. त्यांच्या स्टेजवरच्या घरात आई होती, भाऊ होता, आमचा लाथाळ बैल होता, शेजारणीची कोंबडीसुद्धा होती. आई तर त्यांची मुख्य नायिका. तिला फूल रोजच मिळायचं आणि ती ते गजऱ्यात ओवून टाकायची. मी कुठंच नव्हते. कॉलेजात असताना एकदा मैत्रिणींबरोबर नाशिक रोडला गणपतीत त्यांचा कार्यक्रम पाहिला. तोपर्यंत माझी लाज जवळजवळ संपली होती, आणि बघता बघता उरलेलीही गेली, कारण तो माणूस काय करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. ते कोणाला घाई करत नव्हते. समोर कुठं म्हातारी बसलीय, कुठं नवीन लग्न झालेलं जोडपं बसलंय, कोणाला आधी हसू येईल, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळत होतं. एका कोपऱ्यात हसू पेटायचं, ते त्याला फुंकर घालत थांबायचे, आणि सगळं मैदान धरलं की मगच पुढचं वाक्य. शेवटी सगळ्यात जास्त ते स्वतःवरच बोलायचे. माझा ऊर भरून आला होता.

तेवढ्यात ते म्हणाले, "आमच्या घरात माणसं तीन. मी, बायको आन्‌ पोरगा. तिघांत मिळून अक्कल दीड, तीबी बायकोकडं." मैदान हसलं. शेजारी बसलेली एक बाई मला म्हणाली, "यांना मुलगी नाही वाटतं."

"माहीत नाही," मी म्हणाले.

आता नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं. एका वाक्याला पूर्वी जितका वेळ लागायचा तितक्यात आता एक शब्द येतो. भाऊ शेती बघतो, आई त्यांना भरवते, आणि ते अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल निरखत बसतात.

गेल्या हिवाळ्यात नाशिक रोडच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि त्यांच्यावर बोलायला मी. मी होकार देऊन बसले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की नानांवर बोलायचं, तर त्याची एक रीत आहे.

सकाळी लवकर मखमलाबादला गेले. वाफ्यातून एक लाल गुलाब तोडला, खुर्चीपुढं उभी राहिले. पन्नाशीची बाई मी, वर्गात साठ पोरांना गप्प करते. तरी फूल दोन्ही हातांनी धरून विचारलं.

"नाना, आज स्टेजवर तुमच्यावर बोलणार आहे. चालेल का?"

त्यांनी फुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हात पुढं केला नाही. मला वाटलं, नाही म्हणाले तर? तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि मग मला आयुष्यभर त्यांच्यावर एक वाक्य बोलता आलं नसतं. आमच्याकडे नियम सगळ्यांना सारखा.

"न... मुना," नाना म्हणाले.

मी कागद काढून वाचून दाखवलं. थोर कलावंत, निरपेक्ष सेवा, हास्याचं अमृत, असलं सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर एक डोळा उघडला.

"लय... गोड. लोक... झोपतील."

"मग काय सांगू?"

"हसव की... माझ्यावर."

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि कळवणच्या स्टँडची गोष्ट सांगितली. हेडमास्तर, खोटी तारीख, काळा कोट, एक चहा. ती मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दाराकडं, आईच्या दिशेनं, रागानं बघितलं. मग त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसू लागली. डावी जागच्या जागीच होती, पण उजवी दोन्हींचं काम करत होती. त्यांनी फूल घेतलं. आईला हाक मारून कोट मागितला, आणि फूल कोटाला लावून घेतलं.

"नाव... नको घालू," म्हणाले. "लोक... घर शोधत... येतात." म्हणून या लेखातही कुणाचं नाव नाही.

दुपारी सभागृह भरलं होतं. पांढऱ्या केसांची दोनशे-अडीचशे माणसं. त्यातल्या कित्येकांनी कधीकाळी नानांकडून फूल घेतलेलं. स्टेजवर नाना खुर्चीत, मांडीवर शाल, आणि मी त्यांच्यापुढं माईकशी, त्यांच्याकडं पाठ करून. मास्तरांची गोष्ट सांगितली, दुकानदाराची सांगितली. कळवणच्या गोष्टीवर आले तेव्हा हसू पेटलं, आणि मी नानांसारखं थांबायला शिकले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. मग सगळं कबूल केलं. फूल मी घेतलं नाही, नमुना मागितला नाही, पडदा अडकला, आणि गावोगावच्या न्हाव्यांना जे मिळालं ते मला कधी मिळालं नाही.

मागून खुर्ची कुरकुरली. नाना उजव्या हातानं बोलावत होते. मी जवळ गेले. त्यांनी कोटाचं फूल काढून माझ्यापुढं धरलं. एका कार्यकर्त्यानं धावत जाऊन त्यांच्या तोंडाशी दुसरा माईक धरला.

"इचारत... नाय हां," नाना म्हणाले. "दोनदा... इचारायचं नाय. हे फूल... हिचंच हाय. परत... करतोय."

मी ते फूल केसांत खोचलं. घाईत इतकं वाकडं खोचलं गेलं की पुढच्या रांगेतली एक आजी तिथंच हसली. नानांनी तिच्याकडं बघून मान डोलावली, जणू हिच्यापासून सुरुवात. मग मला हातानं खूण केली, माझ्या जागी जा. मी माईकशी जाऊन लोकांकडं तोंड करून उभी राहिले.

"माझी लेक," मागून आवाज आला, एकेक शब्द उचलून ठेवत, "फ्लॉवरच्या... वाफ्यापुढं... इंग्रजीत... भाषण करायची."

हशा. मी कान टवकारले.

"गड्डे... बसलेत रांगेत. एक गड्डा... टाळी वाजवंल... तर शपथ."

मोठा हशा. लोक माझ्याकडं बघून हसत होते, बोटं दाखवून, आणि मला वाटलं होतं तसं काहीच होत नव्हतं. नाना थांबले. आता थांबणं त्यांना भागच होतं, पण थांबले बरोबर तेवढंच, हसू खाली उतरेपर्यंत.

"पोरगी... खट्टू व्हायची. मग... बांधाआडून... मीच वाजवायचो."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी मी त्यात नव्हते.

"ती... मागं वळायची. मी... खाली वाकून... गवत उपटायचो. रोज. बांधावर... एक काडी... राहिली नाय."

सभागृह कोसळलं. टाळ्या, डोळे पुसणं, काठ्या आपटणं. मी माईक धरून उभी होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. एवढाच होता तो विनोद. यालाच मी आठवीत नको म्हणाले होते.

टाळ्या विरल्या, तरी मागून एक टाळी चालूच राहिली. डावा हात उठत नाही, म्हणून नाना उजवा हात मांडीवर मारत होते. मी मागं वळून बघितलं. या वेळी ते खाली वाकले नाहीत.